चतकोर भाकरीचा करार

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका सात वर्षांच्या मुलीला कुत्रं चावलं. सकाळी, शाळेची बस यायच्या वेळेला. पोटरीला खोल दात लागले. तिचे बाबा तिला तसेच उचलून दवाखान्यात धावले. पोरगी आता बरी आहे, पण अजून कोपऱ्यावर आली की बाबांचा हात घट्ट धरते.

त्या रात्री कॉलनीच्या ग्रुपवर जे व्हायचं तेच झालं. दोन पक्ष पडले. एक म्हणाला, सगळी कुत्री उचला आणि लांब कुठंतरी सोडून या, नाहीतर संपवून टाका. दुसरा म्हणाला, मुक्या जिवाचा काय दोष, तुमचीच माणुसकी मेली आहे. रात्री दीडपर्यंत चाललं. वीस वर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले.

मला दोन्हीकडच्या बोलण्यात एकच गोष्ट खटकली. एकाला कुत्रा घुसखोर वाटतो, दुसऱ्याला अनाथ पाहुणा. म्हणजे तो बाहेरून आला, हे दोघांनीही गृहीत धरलंय. इतिहास तसं सांगत नाही. कुत्रा नावाचा प्राणी आपण आहोत म्हणून आहे. पोस्ट जरा मोठी आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात जर्मनीपासून. १९१४ साली बॉन शहराजवळ ओबरकासेल इथल्या दगडखाणीत मजुरांना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. वय सुमारे १४,००० वर्षं. तेव्हा शेती नव्हती, गाय नव्हती, शेळी नव्हती, मडकंसुद्धा तिकडे नव्हतं. माणूस शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगत होता. गाय, बैल, शेळी, कोंबडी ही सगळी आपल्याकडे नंतर आली. माणसानं जोडलेलं पहिलं जनावर कुत्रा.

त्या कुत्र्याची गोष्ट मात्र पुढे आहे. २०१८ मध्ये संशोधकांनी त्याचे दात पुन्हा तपासले. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं. दातांवरच्या खुणांवरून दिसलं की त्याला डिस्टेंपर झाला होता. कुत्रं पाळणाऱ्यांना हा आजार माहीत असेल, पिल्लं यात पटापट दगावतात. हे पिल्लू मात्र आजाराच्या एकापाठोपाठ एक झटक्यांमधून काही आठवडे तगलं होतं. कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, घाण साफ केली, त्याशिवाय ते शक्य नव्हतं. असं आजारी पिल्लू शिकारीच्या काय कामाचं? राखणीच्या काय कामाचं? तरीही त्या माणसांनी ते जपलं आणि मेल्यावर आपल्या माणसांसोबत पुरलं.

इस्राएलच्या उत्तरेला ऐन मल्लाहा म्हणून जागा आहे. तिथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला. त्याचा हात एका पिल्लावर ठेवलेला. आपल्या काश्मीरमध्ये बुर्झाहोमला नवाश्मयुगातल्या माणसांसोबत कुत्रे पुरलेले सापडले आहेत. तीन ठिकाणं, तीन काळ, पण चित्र तेच.

आता प्रश्न असा, की लांडग्याचा कुत्रा झाला कसा? कारण कुत्र्याचा पूर्वज लांडगाच, याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो कुठे, केव्हा आणि कसं याचा.

आपल्या डोक्यात एक सिनेमा असतो. शूर माणसानं लांडग्याचं पिल्लू आणलं, पाळलं, त्याचा कुत्रा झाला. पण एक लांडगा माणसाळवला म्हणून त्याची पिल्लं माणसाळलेली जन्मत नाहीत. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवड व्हावी लागते. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं, की निम्मं काम लांडग्यांनीच केलं. माणसाच्या तळाशेजारी हाडं, आतडी, उरलंसुरलं मांस पडायचं. जे लांडगे फार भित्रे ते जवळ यायचे नाहीत. जे फार आक्रमक ते भाले खाऊन मरायचे. मधले, म्हणजे भीती कमी आणि डोकं शांत असलेले, ते खाऊन जगले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. २०२१ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी त्यात एक भर घातली. माणूस नुसत्या चरबी नसलेल्या मांसावर जगू शकत नाही, त्याच्या शरीराला ते झेपत नाही. हिमयुगातल्या कडक हिवाळ्यात असं मांस उरायचं. लांडग्याला ते चालायचं. म्हणजे एकाचं उरलेलं ते दुसऱ्याचं जेवण, भांडणाचं कारणच नाही.

बदल्यात माणसाला काय मिळालं? रात्रीची झोप. अंधारात काही हललं की हे भुंकणार. आजही वाडीवस्तीवर अनोळखी माणूस शिरला की पहिली खबर कोण देतं, हे सांगायला नको. धनगरांच्या वाड्यावर मेंढरं रात्री कुणाच्या भरवशावर बसतात, तेही ठाऊक आहे.

शांत स्वभावाची निवड केली की काय होतं, याचा प्रयोग रशियात झाला. १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञानं सैबेरियात नोवोसिबिर्स्कला कोल्ह्यांवर काम सुरू केलं. दर पिढीतले माणसाला सर्वांत कमी घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, बाकी काही नाही. थोड्याच पिढ्यांत ते माणूस दिसला की शेपूट हलवायला लागले, हात चाटायला लागले. काहींचे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले. कान आणि ठिपक्यांबद्दल पुढे आक्षेप घेतला गेला, की असे कोल्हे फर-फार्मवर आधीपासूनच होते. पण वागणं बदललं, याला तोड नाही. बेल्यायेव्ह १९८५ मध्ये गेले, लुदमिला त्रूत यांनी तो प्रयोग पुढे चालवला.

मग माणूस शेती करायला लागला आणि करार आणखी पक्का झाला. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. पिष्ट म्हणजे आपली भाकरी, भात. ऑस्ट्रेलियातला डिंगो शेतीवाल्या माणसांपासून लांब राहिला, त्याच्यात अजून दोनच प्रती आहेत. म्हणजे गावातल्या बाया ‘गाईला घास, कुत्र्याला चतकोर’ म्हणून जी भाकर बाजूला काढायच्या, ती कुत्र्याच्या नुसत्या पोटात नाही, रक्तात उतरली आहे. संत नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्यानं पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबासोबत कुत्रं. आपल्या लोकांना हे नातं प्रयोगशाळेआधी कळलं होतं.

आणि हे फक्त पाळलेल्या, पट्टा बांधलेल्या कुत्र्यांपुरतं नाही बरं का. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरंच काम केलंय. त्यांनी एकदा दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे नुसतं बोट दाखवलं. बरीच कुत्री जवळच आली नाहीत, घाबरली. माणसाकडून मार खाल्लेली असणार. पण जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोटाचा अर्थ बरोबर लावला. कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या बोटाकडे नाही, बोट दाखवतंय तिकडे बघायचं, हे आपल्या गल्लीतल्या बेवारशी कुत्र्याला उपजत कळतं.

इथपर्यंत वाचून आमच्या ग्रुपवरचा दुसरा पक्ष खूश झाला असेल. थांबा. या भागीदारीची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे.

पिसाळलेलं जनावर चावल्यावर माणसाला पाण्याची भीती वाटते आणि मग तो वाचत नाही, हे सुश्रुतसंहितेत लिहून ठेवलंय. त्यांनी त्याला जलत्रास म्हटलं. लुई पाश्चरनं १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. भारतात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याला सव्वाशे वर्षं झाली. आणि आजही, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं, जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये ९९ टक्क्यांपर्यंत कारण कुत्रा. मरणाऱ्यांत गरिबांची, रस्त्यावर खेळणारी मुलं जास्त. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. तेव्हा ज्या आईबापांना भीती वाटते, त्यांना ‘माणुसकी मेली’ म्हणणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

मग मारून टाकायची का? हा प्रयोगही आपल्याकडेच झालाय. आणि मुंबईतच.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत ठरावीक महिन्यांत बेवारशी कुत्री मारायचा नियम होता. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली. कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. तेव्हा आठ आणे म्हणजे चैन. मग काय, पकडणारे घरांच्या दारातून, आवारातून कुत्री ओढून न्यायला लागले. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं, मृताला शेवटी कुत्र्याची नजर दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. त्या दिवशी फोर्टमध्ये पारशांच्या जमावानं कुत्री मारणाऱ्या पोलिसांना चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू आणि जैन व्यापारी सामील झाले, मुसलमानांतलेही काही आले. गोऱ्या फौजेचं पाव-मटण अडवलं. शेवटी लष्कर रस्त्यावर आलं आणि धरपकड झाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरला ती आजही आहे.

पण मुंबईत कुत्री मारणं थांबलं नाही. ते १९९० च्या दशकापर्यंत चालूच होतं. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं! संपली कुत्री? नाही संपली. कारण सोपं आहे. दहातली पाच मारली तर उरलेल्या पाचांना दहांचं खाणं मिळतं. त्यांची पिल्लं जास्त जगतात आणि शेजारच्या गल्लीतली इकडे येतात. उकिरडा तसाच, तर कुत्री तितकीच.

उकिरड्याचं गणित किती पक्कं आहे ते बघा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध जनावरांना दिलं जायचं. ते मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मेली. गिधाडांच्या मुख्य जातींतली ९० टक्क्यांहून जास्त गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. गावाबाहेर पडलेली ढोरं खायला कोण उरलं? कुत्री. एका अभ्यासाचा अंदाज आहे, की १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि रेबीजनं सुमारे ४८,००० जास्तीची माणसं गेली. कुत्र्यांनी काही कट केला नव्हता. आपण ताट वाढलं, ती जेवली.

आता शेजारच्या गोव्याकडे या. तिथे २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं मिळून कुत्र्यांना लस टोचायची मोहीम घेतली. गल्लोगल्ली जाऊन, जाळ्यांत पकडून, लस टोचून, खूण करून सोडून द्यायचं. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे त्यामागचं तत्त्व. पुढच्या काही वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला. माणसांचे मृत्यू २०१८ आणि २०१९ मध्ये शून्यावर आले. कुत्री तिथेच होती. करारातला जीवघेणा भाग तेवढा काढून टाकला.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये काय झालं ते आपण पाहिलं. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवा असा आदेश. २२ ऑगस्टला त्यात बदल: नसबंदी आणि लस करून जिथली तिथे सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, खायला ठरलेल्या जागीच घाला. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथून कुत्री हटवायला सांगितलं. कोर्ट आपलं काम करतंय. पण आमच्या कोपऱ्यावर रोज रात्री उघड्यावर पडणारं उरलंसुरलं अन्न आणि कोंबडीची आतडी कोर्ट उचलायला येणार नाही.

त्या मुलीला जिथे कुत्रं चावलं, ती जागा मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली. कचऱ्याच्या ढिगापासून वीस पावलं. ढिगात दोन्ही पक्षांच्या घरच्या पिशव्या होत्या, माझ्याही घरची असेल. शेजारी कुणीतरी मायेनं ठेवलेली बिस्किटं, अगदी बसथांब्याला लागून. आणि सहा कुत्र्यांपैकी नसबंदीची खूण, म्हणजे कानाला कापलेलं टोक, फक्त एकाला.

हजारो वर्षांपूर्वी त्या लांडग्यांना आपल्या उरलेल्या अन्नानंच जवळ आणलं. आजही तेच आणतंय. करार आपण लिहिला, तो निभावणंही आपल्याकडेच आहे. म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी सहाला गणपती मंदिरासमोर या. दोन्ही पक्षांनी या. तीनच विषय: ढीग बंद करून घंटागाडीची वेळ पाळणं, उरलेल्या पाच कुत्र्यांची नसबंदी आणि लस यासाठी पालिकेकडे सह्यांचा अर्ज, आणि खायला घालायची जागा शाळेच्या बसथांब्यापासून लांब ठरवणं.

तोवर एवढं घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवा: कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून सगळी इंजेक्शनं पुरी करायची, अर्ध्यात सोडायची नाहीत.

भांडायचं असेल तर रविवारनंतर भांडू.