सत्तावीस किलोंची सायकल

1896 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझूला छावणीत एक विचित्र कवायत चालायची. सैनिक सायकली घेऊन नऊ फुटी कुंपणापाशी येत, एकमेकांना हात देत वर चढत, सायकली पलीकडे उतरवत आणि पुन्हा स्वार होत. ही होती 25 व्या इन्फंट्रीची सायकल तुकडी. त्या काळी अमेरिकी सैन्यात काळ्या सैनिकांच्या वेगळ्या पलटणी असत, त्यांवर बहुतेक अधिकारी मात्र गोरे. ही पलटण त्यांपैकीच एक. तुकडीचा प्रमुख होता वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून 1894 साली शेवटच्या क्रमांकाने बाहेर पडलेला लेफ्टनंट जेम्स मॉस.

मॉसचं म्हणणं साधं होतं. घोड्याला वैरण लागते, पाणी लागतं, तो खिंकाळतो. सायकलीला यातलं काहीच नाही. त्याच ऑगस्टमध्ये आठ सैनिक घेऊन तो यलोस्टोनपर्यंत जाऊन आला. पण त्याला त्याहून मोठी परीक्षा घ्यायची होती: मिझूला ते सेंट लुईस, 1,900 मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून अधिक.

या मोहिमेची तयारी बारकाईने पाहण्याजोगी आहे. स्पाल्डिंग कंपनीने पोलादी रिमच्या, भक्कम फोर्कच्या सायकली दिल्या. साखळी चिखलापासून झाकलेली होती. रिकामी सायकल 32 पौंडांची, सामान लादल्यावर 59 पौंडांची, म्हणजे जवळजवळ 27 किलो. घोंगडी आणि तंबूचा अर्धा भाग गुंडाळून हँडलवर बांधलेला, फ्रेमच्या त्रिकोणात चामड्याची पेटी, पाठीवर रायफल, कमरेला 50 काडतुसं. प्रत्येकाजवळ दोन दिवसांचा शिधा. पुढचा शिधा साधारण दर शंभर मैलांवर आधीच पाठवून ठेवलेला. शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केलेला जॉन फिंडली हा सैनिक दुरुस्ती सांभाळणार होता. आज डोंगरवाटांवर लांबच्या सफरीला निघणारे सायकलस्वार हँडलवर वळकटी आणि फ्रेममध्ये पिशवी बांधतात. सामानाची ही मांडणी सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसांनी अंगावर घेऊन तपासली होती.

14 जून 1897 रोजी वीस सैनिक, मॉस, एक डॉक्टर आणि एकोणीस वर्षांचा एक वार्ताहर निघाले. पावसाने पहिल्याच दिवसांत रस्त्यांचा चिकट चिखल केला. तो चाक आणि फोर्क यांच्यामध्ये असा घट्ट बसे की चाक फिरेनासंच होई. मग काठीने, सुरीने खरवडायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. कित्येकदा रस्ता सोडून रेल्वेच्या स्लीपरांवरून हाडं खिळखिळी होईपर्यंत सायकल हाकावी लागली. महाद्वीपाचा जलविभाजक ओलांडताना जूनमध्ये बर्फ लागला.

त्याहून वाईट नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या. तिथे वाळू, रणरणतं ऊन आणि क्षारयुक्त पाणी. ते पाणी पिऊन माणसं आजारी पडली, मॉसही. सगळं तोलून-मापून घेतलं होतं, तरी पिण्यायोग्य पाणी बरोबर नेता आलं नाही. अनोळखी मुलखात निघणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

24 जुलैला, एकेचाळिसाव्या दिवशी, ते सेंट लुईसला पोहोचले आणि लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. सैनिक आगगाडीने परतले. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटलं, पलटण क्यूबाला गेली आणि सायकल तुकडी संपली.

या मोहिमेत सैनिकांना सांभाळून नेणारा सार्जंट मिंगो सँडर्स एका डोळ्याने जवळजवळ आंधळा होता. 1906 साली टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार झाला. त्याचा आळ या पलटणीवर आला आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी खटला न चालवताच 167 काळे सैनिक बडतर्फ केले. सँडर्स त्यांत होता. पंचवीस वर्षांहून अधिक सेवा होऊनही त्याचं निवृत्तिवेतन गेलं. लष्कराने तो निर्णय फिरवला 1972 मध्ये. सँडर्स 1929 सालीच वारला होता.