श्वासांची मोजणी

रुग्णाचे अंग तापले आहे काय आणि नाडी कशी चालते आहे, हे घरोघरी पाहिले जाते. श्वास मोजण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक, ज्या विकाराने मोठमोठ्या रुग्णालयांना हतबल केले, त्याची पहिली खूण त्या वाढलेल्या श्वासगतीतच होती.

ऑगस्ट 1967 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉ. अॅशबॉ, डॉ. पेटी आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. श्वसनास साहाय्य द्यावे लागलेल्या 272 रुग्णांपैकी 12 जणांची कथा त्यांना निराळी वाटली. कोणी अपघातात जबर जखमी झालेला, कोणाला विषाणूचा संसर्ग. कारणे भिन्न, परंतु अवस्था एकच. श्वास भरभर चाले, प्राणवायू देऊनही काळवंडलेले ओठ उजळत ना, फुप्फुसे ताठर होत आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंस धूसर छाया दिसे. त्यांपैकी 7 जण दगावले. पुढे या अवस्थेस 'ए.आर.डी.एस.' म्हणजे तीव्र श्वसनक्लेश लक्षणसमूह हे नाव रूढ झाले.

येथे घडते ते असे. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांची भिंत अत्यंत पातळ असते. न्यूमोनिया, रक्तातील जंतुदोष किंवा मोठी इजा यांमुळे दाह होऊन ती भिंत झिरपू लागते आणि हवेच्या जागी द्रव साठतो. बाहेरून कितीही प्राणवायू दिला तरी तो रक्तापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. केवळ हृदय दुर्बल झाल्यामुळे साठणाऱ्या पाण्याहून हा प्रकार वेगळा होय.

उपचाराचा इतिहासही बोधप्रद आहे. यंत्राने भरपूर हवा लोटावी, ही प्रथम रीत होती. 2000 साली 861 रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासाने दाखविले की, अपेक्षित वजनाच्या प्रत्येक किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटर हवा दिल्यास मृत्यूचे प्रमाण 39.8 वरून 31 टक्क्यांवर येते. बळापेक्षा संयम श्रेष्ठ ठरला. 2013 साली फ्रान्स व स्पेनमधील 466 गंभीर रुग्णांच्या अभ्यासात, दररोज दीर्घकाळ पालथे निजविल्याने अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू 32.8 वरून 16 टक्क्यांवर आले. रुग्णास पालथे करणे हे काम यंत्राचे नव्हे. नळी सांभाळणारे, चेहऱ्यावर व्रण पडू नयेत म्हणून जपणारे हात परिचारिकांचेच असतात. 2020 च्या कोविड साथीत भारतातील रुग्णालयांनीही हे दृश्य पाहिले.

त्याच साथीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बोटाला लावण्याचे प्राणवायूमापक यंत्र सावळ्या कातडीवर कधी कधी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखविते. म्हणजे यंत्र समाधानकारक आकडा देत असतानाही रुग्ण संकटात असू शकतो. अशा वेळी उपयोगी पडते ती जुनी विद्याच. 1859 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते काही उगाच नव्हे.

विश्रांत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. ही गती वाढत तिसाच्या वर गेली, रुग्ण अकारण अस्वस्थ झाला, त्याचे बोलणे तुटू लागले, मान व बरगड्यांचे स्नायू ओढले जाऊ लागले, तर क्षणही न दवडता वैद्यास बोलवावे. मोजणी पूर्ण मिनिटभर करावी, आणि आपण मोजतो आहोत हे रुग्णास कळू देऊ नये; कळले की श्वासाची चाल बदलते. त्यासाठी लागते केवळ घड्याळ आणि लक्ष. घड्याळ सर्वत्र असते. लक्ष देणारे माणूस उशाशी असणे, यावरच पुष्कळदा प्राण अवलंबून असतात.