जुन्या पिकअपच्या मीटरवर ब्रेकचा लाल दिवा लागल्यास काय तपासावे?

अंबरनाथ, बदलापूर भागातील भाजीपाला आणि हंगामात जांभळे कल्याण किंवा वाशीच्या बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकरी दहा-पंधरा वर्षे जुनी पिकअप वापरतात. पहाटे माल भरून झालेला असतो, बाजाराची वेळ गाठायची असते आणि नेमका मीटरवर ब्रेकचा लाल दिवा लागतो. अशा वेळी डबीत थोडे ब्रेक ऑइल ओतून दिवा घालवला जातो आणि गाडी रस्त्याला लागते. ही सवय धोक्याची आहे. ब्रेक ऑइल चालण्यात खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर पॅड-लायनर झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे.

दिवा लागण्याची कारणे

- हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही किंवा त्याच्या खालचा स्विच अडकला आहे.
- डबीतील ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेले आहे.
- वायर उंदरांनी कुरतडली आहे किंवा सॉकेटमध्ये ओल गेली आहे.
- काही मॉडेलमध्ये पॅड झिजल्यावर किंवा बूस्टरचा व्हॅक्यूम कमी झाल्यावरही इशारा मिळतो.

चावी फिरवल्यावर आणि हँडब्रेक ओढल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. कधीच लागत नसेल तर बल्ब किंवा फ्यूज गेला आहे असे समजा. दिवा बंद असणे म्हणजे ब्रेक चांगले असणे नव्हे.

निघण्यापूर्वीची तपासणी

1. गाडी सपाट जागेवर उभी करा, न्यूट्रल करा आणि चाकांना दगड लावा.
2. हँडब्रेक पूर्ण ओढून पूर्ण सोडा. दिवा राहिला तर दांडा हाताने खाली दाबून पाहा. तेवढ्याने दिवा गेला तर दोष स्विचचा किंवा केबलचा आहे.
3. बॉनेट उघडून ऑइलच्या डबीवरील वरची आणि खालची खूण पाहा. झाकण उघडण्याआधी फडक्याने पुसून घ्या. आत माती गेल्यास मास्टर सिलिंडरचे रबर खराब होते.
4. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते घट्ट झाले की दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. तसेच घट्ट राहिले तर बूस्टर किंवा व्हॅक्यूम पाइप तपासावा लागेल.
5. इंजिन चालू असताना पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू तळाला जात असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून गेला आहे.
6. चारही चाकांच्या आतील बाजूला, पाइपच्या जोडांवर आणि चासीच्या कडेने ओल आहे का ते पाहा. मागच्या ड्रमखाली चिकट ओघळ दिसला तर तो बहुधा व्हील सिलिंडरचा असतो.

लक्षणावरून निर्णय

- दिवा चालू, ऑइल पुरेसे, पेडल घट्ट आणि उंच: स्विच किंवा वायरिंगचा दोष असण्याची शक्यता जास्त. रिकामी गाडी हळू चालवून गॅरेजला न्या.
- दिवा फक्त वळणावर, चढावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकतो: ऑइल खुणेजवळ आले आहे. पॅड आणि लायनरची जाडी त्याच दिवशी तपासून घ्या.
- पेडल स्पंजसारखे लागते: लाइनमध्ये हवा आहे. एअर काढल्याशिवाय माल भरू नका.
- पेडल तळाला जाते किंवा ओघळ दिसतो: गाडी जागची हलवू नका. मेकॅनिकला बोलवा किंवा माल दुसऱ्या गाडीत भरा.
- बॅटरीचा दिवाही लागला आणि पेडल दगडासारखे झाले: अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. पट्टा तुटला की दोन्ही बंद पडतात. ब्रेक लागतो, पण फार जोर लावावा लागतो. गाडी बाजूला घ्या.

ब्रेकची लाइन दोन भागांत असते. एक भाग निकामी झाला तरी दुसरा काम करतो, म्हणून गाडी थांबते आणि चालकाला धीर येतो. रिकाम्या गाडीला ते पुरते, पण दीड टन माल भरल्यावर थांबायचे अंतर खूप वाढते.

ब्रेक ऑइल भरताना

झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेले असते, तेच वापरा. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल कधीही ओतू नका. त्याने सर्व रबर फुगतात आणि पूर्ण लाइन बदलावी लागते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट 3 ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल एकदम मोकळे पडते. कोकणपट्टीच्या दमट हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते काळपट झाले असेल तर आधीच बदला. अर्धवट उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका.

उतारावर दिवा लागला तर

ओतूर-जुन्नरकडून माल घेऊन माळशेज घाट उतरताना ही वेळ आली तर घाबरून इंजिन बंद करू नका, बूस्टरची मदत जाते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि एकेक करून खालचा गिअर टाका. पेडल भराभर दाबून दाब तयार करा. हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा, झटक्यात नको. डोंगराच्या बाजूला गाडी घ्या आणि चाकांना दगड लावा. उताराला सुरुवातीपासून दुसरा-तिसरा गिअर ठेवला तर ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलमध्ये उतरू नका.

नेहमीची निगा

- दर आठवड्याला ऑइलची पातळी पाहा. वारंवार भरावे लागत असेल तर गळती शोधा.
- रासायनिक खताच्या गोण्या वाहिल्यावर हौदा आणि खालची बाजू धुवा. खतातील क्षारांमुळे ब्रेकचे पाइप गंजतात.
- पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावर हळू चालवत हलके ब्रेक दाबा, म्हणजे लायनर सुकतात.
- पॅड आणि लायनर जोडीने बदला. एकाच चाकाचे बदलल्यास गाडी एका बाजूला ओढते.
- आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते. अंबरनाथची नोंदणी कल्याण आरटीओकडे, म्हणजे एमएच 05 मध्ये येते. ब्रेकचे काम फिटनेसच्या तारखेपर्यंत थांबवू नका.

एका दिवसाचा बाजार चुकला तर भाजीचे नुकसान होते, पण ते भरून काढता येते. दिव्याचे कारण कळल्याशिवाय भरलेली गाडी रस्त्यावर काढू नका.