२९ मुलं, १५ मुलांचा डेटा

संगणकाचा स्वमग्न मुलांना उपयोग होतो का, हा प्रश्न आपल्याला टॅबलेटच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात तो ५० वर्षांहून जुना आहे. या काळात यंत्रं तर बदललीच, पण 'उपयोग झाला' हे ठरवायची पद्धतही बदलली. आपल्यासाठी हा दुसरा बदल महत्त्वाचा.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी न बोलणाऱ्या मुलांना कीबोर्डसमोर बसवलं. मुलाने कळ दाबली की पडद्यावर अक्षर यायचं, सोबत आवाज ऐकू यायचा. १९७३ मध्ये त्यांनी १७ पैकी १३ मुलांच्या भाषेत सुधारणा झाल्याचं मांडलं. आकडा छान आहे, पण तुलनेला कंट्रोल ग्रुप नव्हता. मग ही सुधारणा संगणकामुळेच झाली, असं कशावरून म्हणायचं?

१९७६ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या सिल्व्हिया वीअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी एका स्वमग्न मुलाला लोगोचं 'कासव', म्हणजे जमिनीवर फिरणारा छोटा यंत्रमानव, चालवायला दिलं. त्यांचा मुद्दा संवादाचा होता. यंत्र हाताळताना मुलगा आसपासच्या माणसांशी बोलू लागतो का? प्रश्न नेमका झाला, पण मुलगा एकच.

यानंतर थेट ब्रिटनमधल्या 'एकोज' प्रकल्पाकडे येऊ. मोठ्या टचस्क्रीनवर एक बाग, तिच्यात अँडी नावाचा आभासी मुलगा, आणि मुलाच्या शेजारी एक प्रशिक्षित माणूस. हे सगळं प्रयोगशाळेत नाही, शाळांमध्ये. कास्का पोरायस्का-पोमस्टा आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा पेपर २०१८ मध्ये आला. ४ ते १४ वयाची २९ मुलं सहभागी झाली. विश्लेषणात आली १५. बाकीच्यांचा डेटा अपुरा होता किंवा त्यांना पुरेशी सत्रं मिळाली नव्हती.

निकाल काय? शेजारच्या माणसाला मुलं देत असलेल्या प्रतिसादाचं प्रमाण लक्षणीय वाढलं. मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं, पण मुलामुलांत फरक इतका की ते संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकलं नाही. वर्गात बदल दिसल्याचे किस्से कानावर आले. पडद्याबाहेरच्या चाचणीत मात्र त्याचा पुरावा मिळाला नाही.

हे सगळं त्यांनी छापलं. गाईडला दाखवायला १७ पैकी १३ हा आकडा सोपा, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण पुढच्या संशोधकाला खरी मदत होते ती २०१८ च्या पेपरची. शाळेत काम करायचं तर डेटा गळणार, हे त्यातून आधीच कळतं. शिवाय किस्सा आणि पुरावा वेगळे कसे ठेवायचे, हेही दिसतं.

तेव्हा शाळेत डेटा गोळा करायला जाणार असाल तर पहिल्या दिवसापासून एक वही वेगळी ठेवा: कोणतं मूल गळलं, कधी, कशामुळे. प्रबंध लिहिताना ते पान फाडू नका.