रुमालाखालचा भाव

ऑनलाइन खरेदीत वस्तू हाताळता येत नाही. दुसऱ्याचं मत वाचून आपण पैसे भरतो. ते मतच विक्रेत्याने विकत घेतलेलं असेल, तर फसगत ठरलेली. हा रोग इंटरनेटने आणला, हे मला पटत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला म्हणून तो ओळखला जातो. असं नियंत्रण नव्हतं तिथे शेतकऱ्याने गाडी सोडली, की भाव कळायचा तो दलालाच्या तोंडून. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवत. ज्याचा कापूस, त्यालाच आकडा दिसत नसे. वर कडता, तोलाई, हमाली कापून उरेल ते पदरात पडे. दलाल बोलायचा शेतकऱ्याच्या वतीने, पण त्याची रोजची गाठ व्यापाऱ्याशी. पैसे घेऊन पाच तारे देणारा याहून वेगळं काय करतो?

मुंबई सरकारने 1863 मध्ये भेसळीविरुद्ध केलेल्या कायद्याचा रोख मालावर होता. वऱ्हाडच्या 1897 च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने मधल्या माणसाला हात घातला: दलाल आणि मापारी यांना परवाना लागू झाला, वर बाजार समितीची देखरेख आली. हे सारं मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा म्हणून, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. समितीत पिकवणाऱ्याला प्रतिनिधित्व नव्हतं, हा दोष 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननेही दाखवला. पण चूक परवान्याची नव्हती; परवाना ज्यांच्या हाती होता, त्यांत शेतकरी नव्हता, ही होती.

दुसरा आक्षेप जड आहे. बाजारातले मापारी मोजता येतात, अभिप्राय लिहिणारे कोट्यवधी. परवाने किती देणार? द्यायची गरजच नाही. आवार ज्याचं, जबाबदारी त्याची. भारतीय मानक ब्युरोचं 2022 चं आयएस 19000 हे मानक याच वाटेने जातं: लिहिणारा खरा आहे का, हे अभिप्राय छापणाऱ्या संस्थेने पडताळावं आणि विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत. मात्र ते आणलं ऐच्छिक म्हणून. वऱ्हाडातल्या दलालाला अशी मुभा नव्हती. हे मानक सक्तीचं करावं, आणि त्यावर देखरेख करणाऱ्यांत ग्राहकांचे प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून असावेत.