‘फ्रॉस्ट घ्या’: एका सल्ल्याचं साल

जुना सल्ला इतिहासाचं साधन म्हणून वाचताना आधी काय विचाराल? एक उदाहरण बघा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आला. त्यात मेज, म्हणजे जादूगार, निवडणाऱ्याला हमखास सांगत: आग नको, फ्रॉस्ट घ्या.

यामागे दोन कारणं होती. नवख्यासाठी कारण जीव वाचवण्याचं. मेजच्या अंगावर नुसतं कापड. शत्रू जवळ आला की खेळ खलास. फ्रॉस्टबोल्टने त्याची चाल मंदावते, फ्रॉस्ट नोव्हाने तो जागीच थिजतो. तेवढ्यात मागे सरकून पुन्हा मारा करायचा. मुरलेल्यासाठी कारण वेगळं. मोल्टन कोअर या ४० जणांच्या मोहिमेत कित्येक शत्रूंना आग बाधतच नसे, शेवटच्या रॅग्नरॉसलाही नाही. जानेवारी २००६ मध्ये आन’किराज आलं, तिथे ही अडचण बरीचशी सरली आणि मुरलेले मेज आगीकडे वळू लागले.

म्हणजे वाक्य एकच, पण एक कारण टिकलं, दुसरं गेलं. ‘खेळाडूंना फ्रॉस्ट आवडे’ एवढंच लिहिलंत, तर हा बदल हातून निसटेल. म्हणून सल्ल्याची तारीख बघा, गेमची आवृत्ती बघा, आणि विचारा: हे नेमकं कोणाला सांगितलंय?