भविष्यातील बंदूक, भूतकाळातील पोलाद

चेन्नईतील आमच्या संस्थेच्या वसतिगृहात काही विद्यार्थ्यांसमवेत ‘एलियन्स’ हा जेम्स कॅमेरॉन यांचा १९८६ सालचा विज्ञानभयपट पाहिला. मध्येच एकाने विचारले, “सर, अशा बंदुका प्रत्यक्षात केव्हा येतील?” त्यांतील बहुतेक बंदुका चित्रीकरणाच्या वेळीच जुन्या झाल्या होत्या, हे सांगितल्यावर कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून हे टिपण.

सैनिकांच्या हातातील ‘पल्स रायफल’ पाहा. बाह्य कवच काढले, तर आत थॉम्पसन एम१ए१ ही सबमशीनगन आहे. नळीखालचा ग्रेनेड फेकणारा भाग रेमिंग्टन ८७० या छर्ऱ्यांच्या बंदुकीचा आणि त्याभोवतीचे आवरण इटालियन स्पास-१२ चे. थॉम्पसनची कल्पना पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईतून निघाली. परंतु बंदूक बाजारात येईपर्यंत ते युद्ध संपले होते. तिची सुटसुटीत एम१ए१ आवृत्ती दुसऱ्या महायुद्धातली. त्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्याच्या जवानांनीही थॉम्पसन वापरली.

कमरेच्या पट्ट्याला जोडलेली अवजड ‘स्मार्टगन’ म्हणजे मुळात जर्मनीची एमजी ४२. मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडणारी. ती पेलणारा यांत्रिक हात मात्र युद्धभूमीवरचा नव्हे. कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या स्टेडीकॅमचा तो हात आहे. पिस्तूल १९७० च्या सुमाराचे व्हीपी७०, प्लास्टिकच्या चौकटीचे एक आरंभीचे पिस्तूल.

जुनी शस्त्रे का घेतली? पडद्यावर ज्वाला, धक्का आणि आवाज खरा वाटावा, तर आत पोकळ काडतूस खरोखर झाडणारी यंत्रणा हवी. ती शस्त्रागारात तयार होती. भविष्याचे केवळ कवच चढवायचे उरले.

येथे भौतिकशास्त्र एक खूण मागे ठेवते. कथेनुसार पल्स रायफलची गोळी १० मिलिमीटरची आणि पुंगळीविरहित आहे. खऱ्या थॉम्पसनला मात्र प्रत्येक बारानंतर पितळी पुंगळी बाहेर फेकावीच लागते. पुंगळी हे केवळ दारूचे वेष्टण नव्हे. बाहेर पडताना ती बरीच उष्णताही सोबत नेते. ती काढून टाकली की उष्णता बंदुकीतच साचते आणि तापलेल्या कोठीत चाप न ओढताही दारू पेट घेऊ शकते. जर्मनीतील जी११ या पुंगळीविरहित रायफलीच्या अभियंत्यांना नेमक्या याच अडचणीशी झुंजावे लागले.

उष्णतेचाच प्रश्न कथेच्या मध्यावर उभा राहतो. सैनिक एका अणुभट्टीच्या उष्णता-विनिमयकांखाली पोहोचतात आणि शीतकरण यंत्रणेला इजा होऊ नये म्हणून त्यांची काडतुसे जमा केली जातात. उरतात ते ज्वालाक्षेपक. कथेतील भट्टी संलयनाची आहे. तशी भट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही, बिघाड होताच प्लाझ्मा थंडावतो आणि अभिक्रिया थांबते. तरीही काडतुसे काढून घेण्याचा आदेश शहाणपणाचाच होता. चेन्नईपासून सुमारे ७० किलोमीटरवर कल्पाक्कम येथे ऑक्टोबर १९८५ मध्ये, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या काही महिने आधी, द्रुत प्रजनक चाचणी भट्टी कार्यान्वित झाली. ती विखंडनाची भट्टी असून तिच्यात द्रवरूप सोडियम उष्णता वाहून नेतो. सोडियम हवेत पेट घेतो आणि पाण्याशी तीव्र अभिक्रिया करतो. शिवाय विखंडनाची साखळी थांबवली तरी किरणोत्सारी अवशेषांतून उष्णता निघतच राहते. अशा ठिकाणी शीतकरणाच्या नलिकेला लागलेली गोळी शत्रूच्या हल्ल्याइतकीच घातक ठरेल.

कॅमेरॉन यांनी या कथेमागे व्हिएतनाम युद्धाची प्रेरणा असल्याचे सांगितले आहे: तंत्रज्ञानाने वरचढ सैन्य, आणि तरी पराभूत. चित्रपटातील सैनिकांकडे शस्त्रे कमी नसतात. आपण कोठे उभे आहोत याचे ज्ञान त्यांना उशिरा होते. आमच्या विद्यार्थ्यांना मुख्यतः हेच सांगावेसे वाटले. उद्या त्यांच्यापैकी काही जण संरक्षण संशोधनात जातील, काही कल्पाक्कमला. यंत्र किती शक्तिशाली आहे, एवढाच प्रश्न त्यांनी विचारून चालणार नाही.

पुढच्या वेळी पडद्यावर भविष्यातील एखादे शस्त्र दिसले, तर तीन गोष्टी शोधा: उष्णता कोठे जाते, धक्का कोण सोसते आणि रिकामी पुंगळी कोठे पडते. तुम्हाला काय आढळले, ते अवश्य लिहा.